वन्संचे तीन डबे

डहाणूच्या समुद्रापासून तलासरीच्या डोंगरांपर्यंत माझ्या वन्संइतकी व्यवस्थित बाई आजवर झाली नाही, आणि त्या व्यवस्थेचा जाच माझ्याइतका कुणी सोसला नाही. पहिली गोष्ट मी अभिमानाने सांगते. दुसरी सांगतानाही आता अभिमानच वाटतो, पण तो यायला बरीच वर्षं लागली. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. घोलवडला आमची चिकूची बाग होती आणि बागेच्या कडेला कलमांची रोपवाटिका. बाग माझ्या सासऱ्यांची, रोपवाटिका सासऱ्यांची, आणि सासरे वन्संचे. मालकीचा हा क्रम मला कुणी सांगितला नव्हता, त्यामुळे लग्नानंतरचं पहिलं वर्षभर मी चुकीच्या माणसाला आधी वाकून नमस्कार करत होते.

वन्सं उंच, काटक, आणि चालताना जमिनीकडे न बघणाऱ्या. कुठे काय ठेवलंय हे माहीतच असे, बघायचं कशाला? तरुणपणी मुंबईला मामांकडे राहून त्यांनी औषधांच्या एका कचेरीत नोकरी केली होती. आई गेली तशा घर सांभाळायला परत आल्या. मुंबईहून येताना बायका पातळं आणतात, चिनी मातीच्या बरण्या आणतात. वन्संनी एक युक्ती आणली. कचेरीतल्या साहेबाच्या टेबलावर त्यांनी कडेनं भोकं पाडलेली कार्डं पाहिली होती. साहेब म्हणे त्यांतून सुई घालून हवी ती कार्डं वेगळी काढायचा. झालं! घोलवडला पाऊल ठेवल्यापासून त्यांनी रोपवाटिकेतलं एकूण एक कलम आणि ते नेणारा एकूण एक माणूस कार्डावर चढवायला घेतला. कुणी लग्नाचा विषय काढला की त्या म्हणायच्या, “वेळ कुठाय?” आणि खरंच नव्हता हो.

माझ्या लग्नातही त्या कार्डांचा हात आहे. माझे वडील डहाणू रोड स्टेशनवर तिकीट कलेक्टर. मला बघायला ही मंडळी आली तेव्हा मी मॅट्रिक झालेली, अक्षर मोत्यासारखं, आणि आपल्याला बघायला येणं हे त्या घराचं भाग्य आहे अशा समजुतीत खालमानेनं बसलेली. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, कुणी काही विचारलंच नाही. वन्संनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि वडिलांना विचारलं, “तुमच्याकडे तिकिटाला भोक पाडायचं ते यंत्र असतं ना? ते घरी आणता येतं का?”

वडील दचकले. “छे छे! सरकारी वस्तू आहे ती.”

“मग राहू दे,” वन्सं निराश होऊन म्हणाल्या. “मुलगी चालेल.”

त्या यंत्राऐवजी मी घोलवडला गेले, हे मला लग्नानंतर कळलं. भोकं पाडायला वन्संनी शेवटी बाजारातल्या चांभाराकडून चामड्याला भोक पाडायचं हत्यार मिळवलं. कार्डं जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यांची. एका बाजूला नोंद, दुसऱ्या बाजूला कुठल्या ना कुठल्या देवाचा हात नाहीतर मुकुट.

युक्ती अशी होती. प्रत्येक कार्डाच्या चारी कडांना सारखी भोकं. प्रत्येक भोकाला एक अर्थ. समजा, वरचं तिसरं भोक म्हणजे ‘विहिरीजवळच्या जुन्या झाडाचं कलम’. ज्या कार्डाला ती गोष्ट लागू, त्याचं ते भोक कात्रीनं कडेपर्यंत कापून उघडं करायचं. मग सगळी कार्डं एकत्र धरून त्या भोकातून सुई घालायची आणि उचलायची. उघड्या भोकाची कार्डं टपटप खाली गळतात, बाकीची सुईवर लटकून राहतात. दोन गोष्टी एकदम हव्या असतील तर गळलेली कार्डं गोळा करून दुसऱ्या भोकातून पुन्हा सुई. एवढंच. पण वन्सं सुई उचलताना श्वास रोखायच्या आणि कार्डं गळाली की जत्रेत पाळणा वरून खाली आल्यासारख्या हसायच्या.

आणि सुया माझ्या! मी माहेराहून लोकरीच्या विणकामाच्या सुया घेऊन आले होते. घोलवडला, जिथे थंडीतही लोक पंचावर फिरतात, तिथे मी ‘ह्यांच्यासाठी’ स्वेटर विणायला घेतला होता. पाठ अर्धी झाली होती. वन्संनी एक दिवस ती पाठ सुईवरून अलगद उतरवून माझ्या हातात दिली, सुया घेतल्या, आणि म्हणाल्या, “सुमन, तुझं काम थांबलं तरी बाळूला घाम येईल, नाही थांबलं तरी येईल. माझं थांबलंय.” मी दोन दिवस रडले. बाळू, म्हणजे आमचे हे, मनातून ‘सुटलो’ म्हणाले असणार.

डबे तीन होते, बिस्किटांचे, पत्र्याचे, चौकोनी. पहिल्यावर वाफे, दुसऱ्यावर माणसं आणि तिसऱ्यावर नाती असं लिहिलेलं. वाफ्यांच्या डब्यात प्रत्येक वाफ्यातल्या कलमांची जन्मकुंडली, म्हणजे फांदी कुठल्या झाडाची, आणि ती ज्यावर बांधली तो खालचा खुंट कुठला. माणसांच्या डब्यात गिऱ्हाइकं. आणि तिसऱ्यात कुठल्या माणसानं कुठल्या वाफ्यातली कलमं नेली, ते. मला वाटे, तिसरा डबा कशाला? माणसाच्या कार्डावरच त्यानं काय नेलं ते लिहावं. मी तसं सुचवलंही, मॅट्रिकच्या तोऱ्यात. वन्संनी चष्म्यावरून बघितलं. “माणूस दर साली येतो. त्याच्या कार्डावर किती लिहिशील? पुठ्ठा संपेल. वाफ्याच्या कार्डावर माणसं लिहिलीस तर तोही संपेल. माणूस माणसाच्या जागी, वाफा वाफ्याच्या जागी. त्यांचं जे काय आहे ते त्यांच्या दोघांत, वेगळ्या कार्डावर.” मला हे तेव्हा थोडं अश्लील वाटलं होतं.

“एक गोष्ट एकाच जागी लिहायची. दोनदा लिहिली की त्यातली एक केव्हातरी खोटी होते,” हे त्यांचं ब्रीद. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गिऱ्हाइकांचे पत्ते वहीत लिहीत, कॅलेंडरवर लिहीत, आणि घाईत असले तर पडवीच्या भिंतीवर कोळशानं लिहीत. एकदा चिखल्याचं एक गिऱ्हाईक बिऱ्हाड हलवून डहाणूला गेलं. मामंजींनी वहीत फरक केला, भिंतीवर केला नाही. बैलगाडीभर कलमं चिखल्याला गेली, कुलपाचं दर्शन घेऊन परत आली. वन्संनी भिंतीला चुना काढला. हा नियम त्यांनी घराला पण लावला होता. घरात मिठाची बरणी एकच. मागच्या पडवीत मासे साफ करणाऱ्या बाईला मीठ हवं असलं तरी पुढच्या चुलीपासून न्यायचं. मी एखादी बातमी दुपारी सांगून पुन्हा संध्याकाळी सांगू लागले की त्या म्हणत, “हे आलंय.” पण दोन्ही वेळच्या सांगण्यात काही फरक असला तर नेमका पकडत. अन् फरक असायचाच, कारण संध्याकाळी मी त्यात थोडं तिखट वाढवलेलं असे.

नावांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक माणसाला एक आकडा, आणि तो आकडा मरेपर्यंत त्याचाच. तो मेला तरी दुसऱ्याला मिळायचा नाही. मी नवी नवी असताना एकदा वन्सं दोन दिवस डहाणूला गेल्या होत्या. त्यांना खूश करावं म्हणून मी माणसांच्या डब्यातली सगळी कार्डं नावाप्रमाणे लावून ठेवली. अ, आ, इ, ई… वर प्रत्येक अक्षराला वेलबुट्टी. परत आल्यावर वन्संनी डबा उघडला आणि शांतपणे मला म्हणाल्या, “चिखल्यातले पाटील काढ.” मी काढले. ओंजळ भरली. “त्यातले रामचंद्र पाटील काढ.” अर्धी ओंजळ. “त्यातला पैसे वेळेवर देणारा कुठला आणि न देणारा कुठला, सांग.” मी कार्डं उलटीपालटी करून बघितली. “वेलबुट्टी छान काढतेस,” त्या म्हणाल्या. नंतर तीन-चार दिवस पुन्हा आकड्यांनी लावत बसलो दोघी. पुढे पुढे त्या माणसांना हाकसुद्धा आकड्यानं मारायला लागल्या. बाजारात एखादी बाई भेटली की “अगं, तुझा एकशे बारा बरा आहे का?” असं विचारायच्या. त्या बाईलाही आपल्या नवऱ्याचा आकडा पाठ असायचा.

आणखी एक. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ ह्या दोन गोष्टींत वन्सं जमीन-अस्मानाचं अंतर मानत. गिऱ्हाइकाकडे विहीर आहे का, ही नोंद माझ्याकडे होती. एकाला विचारायचं राहिलं, मी लिहून टाकलं, ‘विहीर नाही.’ वन्संनी त्याला पाण्याशिवाय तग धरतील असली कणखर कलमं निवडून दिली. तो नेऊन लावतो तर त्याच्या बागेत दोन विहिरी, आणि तिसरी खणायचं चाललेलं! “ठाऊक नसेल तर मोकळं सोड,” वन्सं म्हणाल्या. “मोकळी जागा खोटं बोलत नाही.” मी आजही, कुणी काही विचारलं आणि ठाऊक नसलं, तर मोकळं सोडते. नातवंडांना वाटतं आजीला ऐकू येत नाही.

पण खरा कळस म्हणजे त्यांचं ‘अर्धं झालं ते झालंच नाही’. विक्री झाली की वाफ्याच्या कार्डावरून कलमं वजा करायची, नात्याचं नवं कार्ड करायचं, माणसाचं कार्ड नसेल तर ते करायचं. हे सगळं झालं तर विक्री झाली. एकदा उंबरगावचा एक गुजराती व्यापारी आला. कलमं गाडीत चढली, बैल जुंपले, आणि नेमकं नात्याचं कार्ड अर्धं लिहून झाल्यावर शाई संपली. आमचे हे शाई आणायला स्टेशनपर्यंत सायकलवर गेले. वन्सं पडवीत आल्या आणि गड्यांना म्हणाल्या, “कलमं खाली उतरवा. परत वाफ्यात.”

व्यापारी हवालदिल. “अरे बेन, शुं करो छो? झाड तो गाडीमां छे!”

“गाडीत आहे, डब्यात नाही,” वन्सं म्हणाल्या. त्यांनी वाफ्याच्या कार्डावरची वजाबाकीसुद्धा खोडली. शाई आली, सगळं पहिल्यापासून झालं, कलमं पुन्हा चढली. व्यापारी जाताना हात जोडून गेला. मला वाटलं, हा आता परत येत नाही. तो पुढच्या वर्षी आला तो मेव्हण्याला घेऊन आला, बाई बघायला.

माझा धाकटा नातू पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. परवा त्याला हे सगळं सांगत होते, तर म्हणाला, “आजी, आम्ही दिवसभर हेच करतो. टेबलं, की, जॉइन. फक्त सुई नसते.” मी म्हटलं, “म्हणूनच रात्रीपर्यंत घरी येत नाहीस.”

तर आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे सगळं सांगत बसले.

साठ साल उलटून गेलं होतं. मी तोवर घरात बऱ्यापैकी मुरले होते, कार्डावर वेलबुट्टी काढायची सोडली होती. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस, लावणीचा हंगाम तोंडावर आलेला. एका सकाळी तलासरीचे एक गुरुजी आले. शाळेत मास्तर, घरापुढे आठ-दहा चिकूची झाडं, आमच्याकडचीच. त्यांनी ओल्या पोत्यात गुंडाळून काहीतरी आणलं होतं, ते पडवीत अलगद ठेवलं. पोतं उघडलं तर चार वर्षांचं चिकूचं झाड, सांध्यातून मोडलेलं. सांधा म्हणजे जिथे खालचा खुंट आणि वरची फांदी जुळते ती जागा. ती गळ्याला गाठ आल्यासारखी फुगली होती.

“अण्णासाहेब, वाऱ्यानं मोडलं,” गुरुजी म्हणाले. “वारा काय मोठा नव्हता. शेजारचं झाड पण असंच फुगलंय. म्हटलं, तुम्हाला दाखवावं.”

मामंजींनी ते लाकूड हातात घेतलं, नखानं साल खरवडली, आणि त्यांचा चेहरा उतरला. पण तोंडानं म्हणाले, “वाराच. बदली झाड देतो, घेऊन जा.”

गुरुजी गेल्यावर वन्सं आतून आल्या. “अण्णा, हा मोह आहे.”

इथे थोडं सांगावं लागेल. चिकूचं कलम आमच्याकडे रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या खुंटावर बांधतात. रायण वाढायला हळू, पण एकदा धरली की नातवंडं चिकू खातात. तीन-चार वर्षांपूर्वी एका साली रायणीची रोपं कमी पडली. मामंजींना कुणीतरी सांगितलं की मोह आणि चिकू एकाच कुळातले, मोहावरही कलम धरतं. तलासरीच्या बाजूला मोह मुबलक. मामंजींनी मोहाची रोपं आणली, कलमं बांधली, आणि ती अशी झकास धरली की मामंजी दहा दिवस मिशीला पीळ देत होते. त्या वेळी वन्संनी विचारलं होतं, “खुंट काय लिहू?” मामंजी म्हणाले होते, “रायणच लिही. सगळे रायणच समजतात.” वन्संनी लिहिलं, मोह. त्यासाठी कार्डाला एक भोक नवं ठरवलं. बापलेकीत त्यावरून चार दिवस अबोला होता. मामंजी म्हणत, माझ्याच घरात माझी बदनामी लिहून ठेवते. वन्सं म्हणत, “मी बघते ते लिहिते, सांगतात ते नाही.”

मोह आणि चिकू एका कुळातले खरे, पण भाऊबंद असले तरी एका चुलीवर किती दिवस राहणार? चार वर्षांनी सांधे फुगायला लागले होते.

दुपारी जेवणं झाल्यावर पडवीत बैठक बसली. मामंजी, आमचे हे, वन्सं, आणि सुपारी कातरत मी. मामंजींचं म्हणणं, जो तक्रार घेऊन येईल त्याला झाड बदलून द्यावं, बाकी बोंब मारायची नाही. ह्यांचं म्हणणं, एकदाच सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून टाकू. “म्हणजे रायणीवरची झाडं नेलेले पण कुऱ्हाड घेऊन उभे राहतील,” मामंजी ओरडले. “माझ्या वडिलांपासूनची रोपवाटिका आहे. आशागडपासून उंबरगावपर्यंत लोक म्हणतात, घोलवडच्या अण्णाचं कलम म्हणजे डोळे मिटून लावा. उद्या कोण लावील?”

ते ओरडत होते, पण बरोबर होतं त्यांचं. गप्प बसावं तर एकेक झाड एकेका वाऱ्यानं पडत राहणार, लोक कुजबुजणार. सगळ्यांना सांगावं तर चांगल्या कलमांवरचाही विश्वास उडणार. आणि लावणीचा हंगाम आठवड्या-दोन आठवड्यांवर; तो गेला की बदली झाडं लावायला वर्ष थांबायचं.

“ज्यांच्याकडे मोह गेला, त्या सगळ्यांना सांगायचं,” वन्सं म्हणाल्या. “आणि ज्यांच्याकडे नाही, त्यांना उगाच घाबरवायचं नाही.”

“आणि ते कसं कळणार? चार वर्षांपूर्वी कोण काय घेऊन गेलं, देवाला तरी ठाऊक आहे का?”

वन्सं उठल्या आणि तीन डबे घेऊन आल्या.

मामंजींनी पाठ फिरवली आणि अडकित्ता माझ्या हातातून घेऊन स्वतः सुपारी कातरू लागले. वन्संनी वाफ्यांचा गठ्ठा ठोकून सारखा केला, मोहाच्या भोकातून सुई घातली, उचलली. दोन-तीन कार्डं गळाली. त्यांच्यावरचे वाफ्यांचे आकडे त्यांनी मोठ्यानं वाचले. मग नात्यांचा गठ्ठा. तो एवढा जाड झाला होता की एका हातात मावेना, तेव्हा दुसरं टोक धरायला त्यांनी मला बोलावलं. हो, दुसरी सुई माझ्या हातात होती! मला अजून आठवतं, सुई निसटेल असं वाटत होतं. त्या वाफ्यांच्या आकड्यांच्या भोकांतून सुया घालून आम्ही एकेकदा उचललं. कार्डं खाली चटईवर गळत होती. सुपारी कातरल्याचा आवाज थांबला होता.

गळलेल्या कार्डांवर माणसांचे आकडे. ते घेऊन माणसांचा डबा, आणि तिथे नावं, गावं. तलासरीचे गुरुजी त्यात होतेच. चिखल्याचे दोघं. एक बोर्डीचा. आणि आशागडचे नाना.

नानांचं नाव ऐकून मामंजी वळले. आशागडचे नाना म्हणजे मामंजींचे लहानपणापासूनचे दोस्त, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि जिभेला हाड नसलेला माणूस. त्यांनी वाहवा केली म्हणून निम्मी गिऱ्हाइकं आमच्याकडे आली होती. त्यांनी उलटं बोलायचं ठरवलं असतं तर निम्मी एका बाजारात गेली असती.

“नानाला सोडा,” मामंजी म्हणाले. “बाकीच्यांना सांगा. त्याची झाडं मी हळूहळू बदलतो, बोलण्यात काहीतरी काढून.”

“अण्णा,” वन्सं म्हणाल्या, “सुईला कुठे कळतं कोण दोस्त ते?”

मग मामंजी उठले, डोक्याला टोपी घातली आणि ह्यांना म्हणाले, “गाडी जुंपायला सांग. रायणीवरची कलमं भर.”

आशागडला मी पण गेले. जायचं कारण काही नव्हतं. मी फक्त गाडीत बसून राहिले, कुणी उतर म्हणालं नाही. नव्या लुगड्यात बसले होते, जशी काही सुई मीच शोधली. नाना अंगणात खाटेवर होते. मामंजींचं इकडचं तिकडचं बोलून झालं, पाऊसपाणी झालं, तब्येती झाल्या. मुद्द्यावर काही येईनात. शेवटी वन्संनीच सांगितलं.

नाना एवढे मोठ्यानं हसले की खाटेखालचं कुत्रं उठून गेलं. “अगं पोरी, माझी झाडं बघ, कशी पैलवानासारखी उभी आहेत! तुझ्या बिस्किटाच्या डब्याला विचारून मरतील का ती? अण्णा, लेकीचं लग्न लावून दिलं असतंस तर ही वेळ आली नसती!”

मामंजींचे कान लाल झाले. वन्संचे नाही. त्या म्हणाल्या, “नानाकाका, बागेत जाऊ या का?”

बागेत झाडं खरंच छान होती. आमच्याच वेगवेगळ्या वाफ्यांतली, सगळी मिसळून लावलेली. कुठलं झाड कुठल्या वाफ्यातलं, हे कार्डावर नव्हतं; ते नानांच्या बागेत घडलेलं, आणि वन्संनी ते मोकळं सोडलेलं. त्या एकेका झाडाच्या बुंध्याशी वाकत चालल्या. नाना मागून टोमणे मारत होते, “काय, नाडी बघतेस का?” एका झाडाशी त्या थांबल्या. सांध्याच्या खालून, खुंटातून एक कोवळा फुटवा आला होता. वन्संनी त्याचं एक पान खुडलं आणि नानांच्या हातात दिलं.

“काका, हे पान कशाचं?”

नाना काय, आशागडचं शेंबडं पोरसुद्धा ते पान ओळखेल. रुंद, मोठं, टोकाशी झुपक्यानं येणारं. नानांनी ते उलटं-सुलटं केलं. मामंजींकडे बघितलं.

वन्सं काहीतरी बोलणार होत्या. मामंजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“मोहाचं आहे, नाना,” ते म्हणाले. “रायण कमी पडली, मी मोह वापरला आणि रायण म्हणून दिला. पोरीनं तेव्हाच खरं लिहून ठेवलं होतं, मी तिला लिहू नको म्हणत होतो. चूक माझी. डबा हिचा.”

मी तोवर त्या माणसाला ‘हिचा’ हा शब्द इतक्या मोठेपणानं उच्चारताना ऐकलं नव्हतं. वन्सं झाडाच्या खोडाकडे बघत उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पुढे काय करायचं हे ठाऊक नव्हतं.

नानांनी पान खिशात घातलं. “अण्णा,” ते म्हणाले, “ह्यापुढे तुझ्याकडून एकही कलम घेणार नाही मी.” मामंजींनी मान खाली घातली. “हिच्या डब्यात चढल्याशिवाय. तू तोंडानं रायण म्हणालास तर ऐकणार नाही, सांगून ठेवतो. आणि आता चहा पिऊन जा, गाडीतली झाडं गडी उतरवतील.”

“आधी कार्डं,” वन्सं म्हणाल्या, आणि पिशवीतून कार्डं, शाई, कात्री काढून तिथे मातीतच मांडी घालून बसल्या.

नानांनी पुढच्या बाजारी तोंड उघडलं ते असं उघडलं की, घोलवडच्या अण्णाकडे आता डोळे मिटून जायचं नाही, उघडे ठेवून जायचं, बाई सगळं दाखवते. मामंजींना ते लागलं आणि आवडलंही. चिखल्याला, बोर्डीला, तलासरीला ते स्वतः गेले, प्रत्येकाला स्वतः सांगितलं. पुढच्या हंगामात आमची कलमं पुरली नाहीत. वन्संनी मात्र जास्तीचं एकही कलम लोकांकडून आणून विकू दिलं नाही. “माझ्या वाफ्यात ज्याचा जन्म नाही, त्याची हमी मी देणार नाही.”

वन्सं जाऊनही खूप वर्षं झाली. त्या गेल्या तेव्हा रोपवाटिका होती. आता त्या जागेवर भाचेजावयाची पॅकिंगची शेड आहे. गेल्या वर्षी नानांच्या पणतीच्या हळदीला आशागडला गेले होते. नाना नाहीत, त्यांचा मुलगा नाही, त्यांच्या नातसुनेनं माझं सगळं बघितलं, गोड पोरगी. निघताना पिशवीभर चिकू दिले. म्हणाली, “आजी, हे बाईच्या ओळीचे आहेत. आमच्याकडे सगळ्यात गोड ह्याच ओळीचे.”

“कोण बाई?” मी विचारलं.

“काय माहीत हो. सासरे म्हणायचे, पूर्वी कुणीतरी बाई आली होती, वाईट झाडं काढून चांगली मागे एका ओळीत लावून गेली. तेव्हापासून बाईची ओळ म्हणतात.”

मी सांगितलं, माझ्या वन्सं त्या. तिनं “हो का?” म्हटलं, आणि मला खरं वाटावं म्हणून मागच्या बाजूला घेऊन गेली. ओळ अजून उभी आहे. एवढाली झाडं, खाली दिवसाही संधिप्रकाश. मी एका झाडाशी वाकून बसले. पोरगी घाबरली, “आजी, चक्कर येते का?” मी म्हटलं, नाही गं. मी बुंध्यावर हात फिरवून सांधा शोधत होते. खुंट कुठे संपतो आणि फांदी कुठे सुरू होते, ते काही केल्या कळेना. साल एकसारखी झाली होती.